लग्नपत्रिका, आहेराची भांडी आणि आडनावाचं अनेकवचन

(पुणतांबा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातील रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे माझं नाव फलकावर दिसलं की लोकांना वाटतं, आज ब्रह्म आणि माया होणार. आजचा विषय त्याहून लहान आहे आणि, तुम्हाला हसू येईल, लग्नसराईचा आहे. पत्रिकेवर, आहेराच्या पाकिटावर, भांड्यावर एखाद्या घराचं आडनाव अनेकवचनात लिहायचं असतं, तेव्हा ते कसं लिहायचं? शिंदेंच्या घरी की शिंद्यांच्या घरी? जोशींकडून की जोश्यांकडून?

विषय कसा सुचला ते सांगतो. ओळखीतला एक तरुण पत्रिकेचा नमुना घेऊन घरी आला. बहिणीचं लग्न. आडनाव आपण काळे धरून चालू. छापखान्यात जुळवून दिलं होतं, ‘काळेंच्या घरचे मंगलकार्य’. वडिलांनी पेन्सिलीनं खोडून केलं होतं, ‘काळ्यांच्या घरचे’. मुलगा म्हणाला, “सर, ‘काळ्यांच्या’ लिहिलं तर लोक हसतील. आम्ही काय काळे आहोत?” मी म्हटलं, “आडनाव काळेच आहे ना तुझं?” तो म्हणाला, “हो, पण ते आडनाव आहे. ‘काळ्यांच्या’ म्हटलं की तो रंग होतो.”

मी लगेच निकाल देऊन टाकला. वडिलांचं बरोबर, तुझं चूक, जा छापून टाक. तो गेला. पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो जे बोलला ते चांगलं तत्त्वज्ञान होतं, आणि मी जे बोललो ते नुसतं व्याकरण.

आधी व्याकरण उरकून घेऊ. तेही वाटतं तितकं कोरडं नाही.

तुम्ही सगळे पुणतांब्याचे. मघाशी एक आजोबा म्हणाले, “मी पुणतांब्याला साठ वर्षं आहे.” पुणतांबाला म्हणाले नाहीत. दौंड–मनमाड मार्गावर गाडीत कुणी विचारलं तर आपण सांगतो, “पुणतांब्याला उतरा, तिथून शिर्डीचा फाटा आहे.” पुण्याला, ठाण्याला, पुणतांब्याला. गावाचं नाव प्रत्यय लागताना वाकतं आणि कुणाला त्यात गावाचा अपमान वाटत नाही. याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. मराठीत नामाला प्रत्यय थेट चिकटत नाही, आधी नाम थोडं सरकून जागा करून देतं.

आडनावंही अशीच सरकतात. पवार, जाधव, गायकवाड, पुणतांबेकर, शेख, सय्यद यांना काही त्रास नाही. पवारांचे, जाधवांचे, शेखांचे. शेवटी आ आला, वर टिंब आलं, झालं. पाटील हे जरा निराळं, त्यात मधली दीर्घ ई गळते. पाटलांचे. ‘पाटीलांचे’ हे हल्ली फलकांवर दिसतं, पण बोलताना कुणी तसं बोलत नाही. पाटलांचा वाडा, पाटलांची विहीर. कान बरोबर असतो, हात चुकतो.

खरी अडचण दोन गटांची. एक ई-कारान्त, म्हणजे जोशी, कुलकर्णी, चौधरी, दळवी. दुसरा ए-कारान्त, म्हणजे शिंदे, काळे, मोरे, भोसले, गोखले, फडके. ई-कारान्तांचं जुनं रूप माळ्यांचा, तेल्यांचा याच चालीचं, म्हणून जोश्यांचा, कुलकर्ण्यांचा, चौधऱ्यांचा. त्याच्या शेजारी जोशींचा, दळवींचा ही रूपंही आता पक्की बसली आहेत, कारण राष्ट्रपतींचा, कवींचा ही चाल आपल्या कानांत आहेच. तिथं मी भांडत नाही.

ए-कारान्तांबद्दल मात्र नियम लिहिलेला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम शासनानं 1962 साली मान्य केले, 1972 साली त्यांत 4 नियमांची भर पडली. त्यांत एक नियम सांगतो की ए-कारान्त नामाचं सामान्यरूप या-कारान्त करावं. आणि उदाहरण काय दिलंय? करणे, करण्यासाठी. आणि दुसरं, फडके, फडक्यांना. म्हणजे नियम करणाऱ्यांनी मुद्दाम आडनावच घेतलं. त्याच नियमांत असंही आहे की आदरार्थी बहुवचनातही अनुस्वार द्यायचा. अध्यक्षांनी, मुख्यमंत्र्यांचा.

नियम राहू द्या बाजूला. वापर बघा. आपण पेशवेंची बखर म्हणतो का? पेशव्यांची बखर. जावळीच्या मोऱ्यांचा पराभव, आंग्र्यांचं आरमार, पुण्यात वानवडीला महादजींचं स्मारक आहे ती शिंद्यांची छत्री. दुकानावर फलक ‘चितळे बंधू’ असा आहे, पण येताना काय आणायला सांगतो? चितळ्यांची बाकरवडी. संस्कृत शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या आपट्यांचा कोश वापरत आल्या. मोरो केशव दामले यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं आणि त्या ग्रंथाला सगळे म्हणतात दामल्यांचं व्याकरण. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. राजवाडा म्हणजे महाल, पण “राजवाड्यांनी कागद जमवले” हे वाक्य ऐकून महाल गावोगाव फिरत होते असं कुणाच्या मनात येत नाही.

आणि आता गंमत बघा. शिंदे, पेशवे, भोसले हे शब्द मुळात काय आहेत? पेशवा एक, पेशवे अनेक. काळा एक, काळे अनेक. घोडा, घोडे. ही बरीचशी ए-कारान्त आडनावं आधीच अनेकवचनात आहेत! आपण एका माणसालाही ‘शिंदे आले’ म्हणतो, ‘शिंदे आला’ म्हणत नाही. आदरासाठी माणसाला अनेकवचन देणं ही आपली जुनी रीत. शाळेच्या व्याकरणात शिकवतात की विशेषनामाला अनेकवचन नसतं. आणि इथं अर्धा महाराष्ट्र अनेकवचनी विशेषनाम दारावर लावून बसलाय. म्हणून दारावर ‘शिंदे’ एवढं पुरतं, पाच जणांसाठीही आणि एकासाठीही.

पुण्या-मुंबईच्या बंगल्यांवर हल्ली ‘कुलकर्णीज’ असं लिहितात, तेही इंग्रजीत, आणि मध्ये तो वरचा स्वल्पविराम घालून. इंग्रजीत अनेकवचनाला तो लागत नाही, तो मालकी दाखवतो. कुलकर्णीचं काय, ते वाक्य अर्धंच राहतं. अमेरिकेत वाढलेली आपली नातवंडं भेटकार्डावर हीच चूक करतात आणि तिथले मूळ इंग्रजी बोलणारेही करतात, त्यामुळे आपल्याला लाज वाटायचं कारण नाही. जर्मन भाषा आडनावाला सरळ स जोडते. टॉमस मान यांच्या 1901 सालच्या कादंबरीचं नाव ‘बुडेनब्रोक्स’ आहे, म्हणजे बुडेनब्रोक घराणं. फ्रेंच लोक मात्र साध्या घराच्या आडनावाला अनेकवचनाचा प्रत्यय लावतच नाहीत. पुढचा लहान शब्द अनेकवचनी करतात, नाव जसंच्या तसं ठेवतात. आपला तो तरुण फ्रान्समध्ये सुखी झाला असता.

पण तो इथला आहे, आणि त्याच्या म्हणण्याकडे परत येऊ. “ते आडनाव आहे, तो रंग होतो.” इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिल नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. 1843 साली त्यानं तर्कशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की विशेषनाम वस्तूकडे फक्त बोट दाखवतं, तिच्या गुणांविषयी काही सांगत नाही. काळे आडनावाचा माणूस गोरापान असू शकतो, त्यात विसंगती नाही. पोरगा हेच सांगत होता. ‘काळे’ या रूपात नाव नाव म्हणून ओळखू येतं. ‘काळ्यांच्या’ केलं की आत झोपलेला जुना अर्थ जागा होतो. लांडग्यांच्या घरी लग्न, घोड्यांकडून आहेर, मोऱ्यांची वरात. मोरी म्हणजे न्हाणीघरातली मोरी, तिचंही अनेकवचन मोऱ्या. शाळेत या नावांची मुलं काय काय ऐकून घेतात ते मी वर्गात पाहिलेलं आहे. म्हणून ‘मोरेंची’, ‘घोडेंकडून’ हे जे नवं रूप आलं, ते केवळ अज्ञानातून आलं असं मी आता म्हणत नाही. नाव न वाकवता प्रत्यय लावला की नाव सुरक्षित राहतं, ही त्यामागची भावना आहे. आधार कार्डावर, सातबाऱ्यावर, गुणपत्रिकेवर नाव एकाच रूपात असतं, तेच रूप खरं वाटू लागतं.

याहून खोल एक कारण आहे. त्यासाठी मला आमच्या घरातल्या एका परातीबद्दल सांगावं लागेल.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आहेर भांड्यांचा होता. त्या काळी भांड्यावर नाव घालून द्यायची पद्धत होती. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा, नंतर तिथं कंप घेणारं यंत्र आलं. ‘चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहानिमित्त तमुक यांजकडून सप्रेम भेट.’ अक्षराला पैसे पडायचे. त्यामुळे मजकूर आखूड होत होत ‘स. भेट’ इथपर्यंत यायचा.

आमच्या शेतावर चार भाऊ कामाला होते. आडनाव शिंदे धरा. चौघांनी वर्गणी काढून पितळी परात घेतली. चौघांत लिहिता-वाचता कुणालाच येत नव्हतं. नाव घालणाऱ्याला थोरल्यानं सांगितलं, “शिंद्यांकडून असं टाका, चौघांचं आहे.” त्यानं घातलं, ‘शिंद्याकडून सप्रेम भेट’. टिंब नाही. विसरला, की टिंबाचे वेगळे पैसे पडतात असं त्याचं गणित होतं, देव जाणे.

एक टिंब. पण ते गेल्यावर काय झालं? चार माणसांचा एक माणूस झाला, हे एक. आणि त्या एकाचाही मान गेला, हे दुसरं. ‘शिंद्यां’ म्हणजे शिंदे मंडळी. ‘शिंद्या’ म्हणजे अरे-तुरेतला, हाक मारून बोलावायचा शिंद्या. मराठीत संख्या आणि आदर दोन्ही एकाच टिंबात बसवले आहेत, त्यामुळे जाताना दोन्ही बरोबर जातात.

परात आमच्या घरी आली, मग बहिणीबरोबर सासरी गेली, कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना वाचता येत होतं बरं का आमच्या घरात. कुणाला खटकलं नाही, कारण गावात त्या चौघांना शिंद्या म्हणूनच हाक मारत. मी स्वतः, वयानं पोर, त्या थोरल्याला अरे-तुरे करत होतो. पुढं त्याचा मुलगा शिकला, शिक्षक झाला. एकदा बहिणीकडच्या कार्याला आला असताना पंगतीत त्याच्यासमोर हीच परात आली. त्यानं ती वाचली. मला हळूच म्हणाला, “सर, हे ‘शिंद्यांकडून’ हवं होतं ना?” मी “हो” म्हटलं. याहून जास्त काही मला सुचलं नाही. तो शिक्षक आता स्वतःच्या घरच्या पत्रिकांवर ‘शिंदेंच्या’ लिहितो. मी त्याला शुद्धलेखनाचा नियम दाखवायला जाणार नाही.

कळलं ना मुद्दा? ज्या घरांना आदरार्थी अनेकवचन पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळालं, त्यांना ‘गोखल्यांच्या’, ‘आपट्यांच्या’ यात काहीच टोचत नाही. पेशव्यांच्या घराला ‘पेशव्या’ म्हणून कुणी हाक मारली नव्हती. ज्यांनी ‘-या’ हा आवाज फक्त हुकमात ऐकला, त्यांना तो आवाज पत्रिकेवर नको असतो, मग त्यावर टिंब असो की नसो. महात्मा फुल्यांचं बघा. जुन्या लेखनात ‘फुल्यांनी सत्यशोधक समाज 1873 साली स्थापन केला’ असं सहज येतं. आज पुष्कळ लोक ‘फुलेंनी’ लिहितात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात आदरच असतो. व्याकरण ‘फुल्यांनी’च्या बाजूनं आहे, मीही तसंच लिहितो. पण दुसरं रूप लिहिणाऱ्याला अडाणी ठरवायची घाई मी सोडून दिली.

मग पत्रिकेवर काय करायचं? सभागृहात दोन-तीन घरी लग्नं आहेत असं दिसतंय, चेहऱ्यावरून.

नाव वाकवायचं नसेल तर त्याच्यापुढं एक शब्द ठेवा आणि प्रत्यय त्या शब्दाला लावा. शिंदे कुटुंबीयांकडून, काळे परिवारातर्फे. नावाला धक्का नाही, व्याकरणालाही नाही. मात्र ‘कुटुंबीय’ मध्ये ‘टु’ ऱ्हस्व आणि ‘बी’ दीर्घ. निम्म्या पत्रिकांवर ते उलटं असतं. ‘सहकुटुंब सहपरिवार’ असं जोडीनं का लिहितात, हेही लक्षात घ्या. जुन्या बोलण्यात ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको. परिवारात बाकीचे सगळे. आता दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एक झालाय, तरी जोडी सुटत नाही.

‘शिंदे बंधू’ दुकानाला ठीक, लग्नाला नको. त्यात घरातल्या बायका येत नाहीत. आणि खरं तर ‘शिंदे कुटुंबीय’ मध्येही सगळे येतात असं समजू नका. लग्न होऊन गेलेली मुलगी, माहेरचं नाव कायम ठेवलेली सून, आईकडून आलेली मामेभावंडं, यांची आडनावं वेगळी. राबताना ती सगळी असतात, अनेकवचनात नसतात. भावकीची चाळीस नावं छापायला आपल्याला जागा असते, वर पुढाऱ्यांची दहा. तर नवरीच्या मावशीचं नावही घाला, तिच्या आडनावासकट. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लावावंच लागतं, मग पत्रिकेनं मागं का राहावं?

पाकिटावर मात्र एवढा विचार नको. ‘श्री. व सौ.’ लिहून पुढं एकदाच आडनाव, किंवा नाव लिहून ‘व कुटुंबीय’. घरात कोण कोण आहे याची खात्री नसेल तर दुसरं बरं. घरातल्या एखाद्या बाईचा नवरा गेलेला असेल आणि तुम्ही सवयीनं ‘श्री. व सौ.’ छापलंत, तर ते पाकीट उघडताना तिला काय वाटेल ते बघा.

हे सगळं पुणतांब्यात बोलताना चांगदेवांची आठवण येणारच. गोदावरीकाठी त्यांची समाधी आहे, तुम्ही रोज पाहता. परंपरा काय सांगते? चौदाशे वर्षं जगलेले हे योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. वयानं लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानानं मोठा. ज्ञानानं मोठा म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावं, तर वयानं पोर. शेवटी कोरा कागदच पाठवला. मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तर लिहिलं, ते पासष्ट ओव्यांचं ‘चांगदेव पासष्टी’.

कीर्तनात या गोष्टीवर नेहमी चांगदेवांना हसतात. मला ते तितकं पटत नाही. समोरच्याला काय म्हणावं हे कळेना, तर निदान त्यांनी चुकीचं काही लिहिलं नाही. आमच्या परातीवर लिहिणाऱ्याला असा प्रश्न पडला नाही, आणि घरात ती वाचणाऱ्या आम्हालाही नाही.

आता तो तरुण. आठ-दहा दिवसांनी मी त्याला फोन केला. म्हटलं, मी घाईत बोललो, तुझ्या म्हणण्यात तथ्य होतं, काय छापलंस? तो म्हणाला, “सर, बाबांचंच ठेवलं. ‘काळ्यांच्या घरचे’. आजीला वाचून दाखवलं, ती म्हणाली आपण असंच म्हणतो, तेच टाका.” मी विचारलं, “टिंब आहे ना?” म्हणाला, “नमुना तीनदा तपासला.” मग थांबून म्हणाला, “पण सर, एक अडचण आहे. तुमच्या पाकिटावर काय लिहू? तुम्ही एकटेच आहात, आणि घरी स्वयंपाकाला मावशी येतात, त्यांनाही बोलवायचंय. ‘व कुटुंबीय’ चालेल का?”

मी म्हटलं, मावशींचं वेगळं पाकीट कर. त्यांचं नाव घाल, आणि पुढं ‘व कुटुंबीय’.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.